बारा वॅट

"आत्या, बाहेर पाऊस पडतोय ना? मग तू झाडांना पाणी का घालतेस?"

अनुयानं हे विचारलं तेव्हा आसावरीआत्या मागच्या दाराशी उभी होती. एका पायात रबरी बूट, दुसरा हातात, आणि कोपरात अडकवलेली हिरवी झारी. रविवारचं जेवण नुकतंच उरकलं होतं. टेबलावर वरणाचं भांडं तसंच होतं आणि स्वयंपाकघरात फोडणीचा वास रेंगाळत होता. श्रीनिवासचा, म्हणजे अनुयाच्या बाबाचा, दह्याचा चमचा तोंडापाशी थबकला. आईनं, अलकानं, नळ सोडला. नळाचं तसं काही काम नव्हतं.

प्रश्न अनुयाचा नव्हता. शुक्रवारी शाळेच्या कॅन्टीनमध्ये सारा आणि राजनं तो तिच्या गळ्यात मारला होता. आत्याच्या पाणी घालण्याची गोष्ट अनुयानंच त्यांना रंगवून सांगितली होती. ती ऐकून राज टेबलावर डोकं आपटून हसला आणि सारा म्हणाली, "डेअर. संडेला, सगळ्यांसमोर विचारायचं. नाही विचारलंस तर तू चिकन." गेल्या वर्षीची अनुया असती तर चिकन, म्हणजे भित्री, झाली असती आणि सुखानं जगली असती. पण या वर्षी तिनं वर्गासमोर उभं राहून सलग भाषण ठोकलं होतं, आणि तेव्हा तिला एक मोठाच शोध लागला होता: मोठ्यानं काहीही बोललं तरी कोणी मरत नाही.

आत्यानं दुसरा बूट चढवला. खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. लीड्सचा पाऊस पडतोय म्हणावं तर दिसत नाही, आणि नाही म्हणावं तर बाहेर गेलेला माणूस निथळत परत येतो.

"झाडांना सवय लागलीये माझी," ती म्हणाली, आणि दार ओढून बाहेर गेली.

"अनुया!" बाबा म्हणाला. "मोठ्यांना असं विचारतात?"

"काय विचारलं मी? पाण्याचं तर विचारलं."

बाबानं दह्याचा चमचा वाटीत परत ठेवला. रागवायचं तर कशाबद्दल ते सांगावं लागलं असतं, आणि सांगायचं तर तो शब्द उच्चारावा लागला असता. तो शब्द त्या घरात कधी कोणी उच्चारला नव्हता.

आसावरी तरुणपणी पुण्याहून कॉव्हेंट्रीच्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून आली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ श्रीनिवास इंजिनिअर झाल्यावर पुढे शिकायला आला तो तिच्याच फ्लॅटमध्ये. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनी टॉवेल वाळत घालण्याएवढी, आणि तिच्यात जिरेनियमची एकच कुंडी. जेवण झालं की ताई झारी उचलायची, "झाडांना पाणी घालून येते," म्हणायची, आणि बाल्कनीचं दार लावून घ्यायची. झारीत पाणी कधीच नसायचं. त्यामुळे ते झाड बिचारं वाळून गेलं. तेव्हा श्रीनिवासनं काय करावं? त्यानं गुपचूप दुसरं जिरेनियम आणून त्या कुंडीत लावलं. ताईनं ते पाहिलं. दोघंही काही बोलले नाहीत. हे दोघांनी आयुष्यभर निभावलं. लग्न होऊन आलेल्या अलकाला पहिल्याच आठवड्यात ते उमगलं, आणि अनुया तर त्यातच वाढली. कॉव्हेंट्रीला जायचं, आत्याच्या हातची साबुदाण्याची खिचडी खायची, आणि आत्या झाडांना पाणी घालून आली की तिच्या अंगाला येणाऱ्या त्या वासाला आत्याचा वास म्हणायचं.

मग आत्याचा डावा पाय दुखायला लागला. बस स्टॉपपर्यंत चाललं की पोटरीत गोळा यायचा, थांबलं की जायचा. पुढे रात्री पलंगावर पडूनही दुखायला लागलं, तेव्हा श्रीनिवास तिला लीड्सला आपल्या घरी घेऊन आला. मोठ्या हॉस्पिटलच्या सर्जननं सांगितलं की पायाची रक्तवाहिनी बुजत चालली आहे. बायपास करू, पण सिगरेट आधी पूर्ण बंद झाली पाहिजे, नाहीतर नवी नळीही बुजेल आणि मग पाय वाचवायची हमी नाही. "तुम्ही किती ओढता?" असं त्यानं विचारलं तेव्हा भाऊ शेजारच्या खुर्चीत बसलेला होता. "ऑकेजनली," आसावरी म्हणाली. भाऊ समोरच्या भिंतीवरचं हात धुण्याचं पोस्टर वाचत होता. फार मन लावून वाचत होता.

आता खरी गंमत अशी, की अलकाची नोकरीच ही. हॉस्पिटलातल्या स्मोकिंग सोडवण्याच्या क्लिनिकमध्ये ती ॲडव्हायजर होती. सिगरेट सुटत नाही अशा लोकांना समोर बसवायचं, त्यांची सवय समजून घ्यायची, आणि कोणाला पट्टी, कोणाला च्युइंग गम, कोणाला वाफेचं मशीन ते ठरवायचं. मशीन दिलं तर कॉइल कुठली, पॉवर किती, निकोटीन किती, हेही तीच सांगायची. आठवड्याकाठी कितीतरी लोकांना ती हे सगळं समजावायची. नणंदेला मात्र तिनं एका अक्षरानंही विचारलं नव्हतं. आणि नवऱ्यानं ते काम परस्पर अंगावर घेतलं तेव्हाही ती गप्प राहिली. भावाबहिणीच्या मध्ये कोण पडणार!

श्रीनिवास बँकेत सॉफ्टवेअरवाला. पण डिग्री इलेक्ट्रिकलची, आणि ती इतकी वर्षं बिनकामाची पडून होती. 'ताई, सिगरेट सोड' हे तीन शब्द त्याला जमण्यासारखे नव्हते, पण तार गुंडाळणं जमण्यासारखं होतं. तो दुकानात गेला, "ऑफिसातल्या एका माणसासाठी" म्हणाला, आणि भलंथोरलं मशीन घेऊन आला. लहान मुलाला वाढत्या अंगाचा सदरा घ्यावा तसं. वर वेगळी तार आणि कापूसही आणला. मशीनच्या पोटात तारेची एक गुंडाळी असते, तिला कॉइल म्हणायचं. तिच्यातून ओवलेला कापूस मशीनमध्ये भरलेला रस पितो, बॅटरी तार तापवते, आणि रसाची वाफ होते. तार जाड आणि वेटोळी कमी, तर विजेला विरोध कमी. मग जास्त वॅट देता येतात आणि ढग मोठा निघतो. श्रीनिवास रोज जेवणानंतर टेबलावर दिवा ओढून बसायचा, स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यावर तार वेटाळायचा, मीटर लावून विरोध मोजायचा, आणि पुटपुटायचा, "झिरो पॉइंट टू. वाहवा." रस मात्र बिननिकोटीनचा, आंब्याच्या स्वादाचा. निकोटीन कशाला? तेच तर सोडवायचं होतं!

"कसं वाटतं, ताई?" तो विचारायचा. कशाबद्दल विचारतोय ते दोघंही म्हणायचे नाहीत.

"छान आहे. थोडं कमी पडतं."

असं ती म्हणाली की श्रीनिवास वॅट वाढवायचा. चाळीसाचे साठ झाले, साठाचे ऐंशी. आत्या झारी घेऊन बागेत गेली की शेडमागून असा ढग उठायचा, की एकदा शेजारच्या म्हाताऱ्यानं कुंपणावरून डोकावून काही पेटलंय का म्हणून विचारलं. "एटी वॅट्स?" राज म्हणाला होता. "तुझी आत्या लेजेंड आहे!" आणि ढग विरला, की त्याच्यामागून सिगरेटचा बारीकसा निळा धूर निघायचा. वरच्या खोलीच्या खिडकीतून अनुयाला तो दिसायचा. सिगरेट सोडायला सर्जननं दिलेली मुदत सरत चालली होती.

अनुयानं कोट डोक्यावर घेतला आणि ती बागेत गेली.

शेडच्या पत्र्याखाली आत्या उभी होती. बोटांत सिगरेट. अनुयाला पाहून तिचा हात सवयीनं पाठीमागे गेला, मग परत पुढे आला.

"डेअर होती ना?" ती म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"मी रिकव्हरी वॉर्डात जन्म काढलाय. खोटं बोलणारा माणूस बोलून झाला की श्वास सोडतो. तू सोडलास."

"सॉरी."

"सॉरी कसली? चांगला प्रश्न होता." आत्यानं राख झारीत झटकली. झारीच्या तळाशी थोटकांचा चिखल झाला होता. "पंचवीस-तीस वर्षं कोणी तरी विचारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. ऐनवेळी तेच आठवेना."

"बाबाचं मशीन कसं आहे खरंच?"

"रेल्वेचं इंजिन आहे. आंबा, आंबा आणि आंबा. एवढा आंबा मी माझ्या आजोळी रत्नागिरीलासुद्धा खाल्ला नाही." ती हसली आणि खोकली. "पहिल्या झुरक्याला वाटलं, जीव जातोय. अगं, सिगरेट कशी, गालात घ्यायची आणि मग सावकाश आत. हे म्हणजे घागर तोंडाला लावायची."

"मग सांग ना त्याला!"

"काय सांगू? कमी पडतंय म्हटलं की वॅट वाढवतो. मला वॅट कमी पडत नाहीत, बाळा."

"मग तू कशाला ऐकून घेतेस?"

आत्यानं पायाचं वजन बदललं. "किती छान करतो गं तो. डोळे आता साथ देत नाहीत त्याचे, तरी ती एवढीशी तार घेऊन बसतो. त्याला काय म्हणू, तुझं चुकलं?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता. अनुयानं विचारलं, "पण लागली कशी तुला?"

"बसायला मिळायचं म्हणून," आत्या म्हणाली. "आमच्या वॉर्डात ज्या ओढायच्या त्यांना ब्रेक. 'सिस्टर, स्मोक ब्रेक,' म्हटलं की कोणी अडवायचं नाही. न ओढणारीला कसला ब्रेक? ती आपली बेडपॅन धुतेय. पहिला हिवाळा मी उभ्यानं काढला. मग एक आयरिश मुलगी म्हणाली, चल, तूही ये. ती खोली धुरानं भरलेली, पण उबदार. पाच-सहा जणी पाय वर घेऊन बसलेल्या. तिथे मला पहिल्यांदा कोणी तरी विचारलं, तुझ्या घरी कोणकोण असतं म्हणून." तिनं सिगरेट झारीत टाकली. ती चुरचुरली. "पाय दुखायचे ना. बसण्यासाठी सुरू केली, आणि आता बघ."

ती हे अगदी कोरडेपणानं म्हणाली. शिफ्ट संपताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती द्यावी तशी.

अनुया घरात आली. आई भांडी घासत होती आणि बाबा टेबलाचा कोपरा पुसून आपलं सामान मांडत होता. आज तो दोन तारा एकमेकींभोवती पिळून नव्या धाटणीची कॉइल करणार होता.

"आई, क्लिनिकमध्ये तू लोकांना सगळ्यात आधी काय विचारतेस?"

अलकानं मागं न बघता उत्तर दिलं. "सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते. त्यावरून बाकी सगळं कळतं."

"आत्याला विचारलंस?"

"ताई मोठ्या आहेत."

"तुझे पेशंट्स तर कितीतरी म्हातारे असतात."

"ते आपले नसतात," अलका म्हणाली. म्हटल्यावर तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग हात पुसले. दाराजवळच्या खुंटीवर तिचं हॉस्पिटलचं ओळखपत्र निळ्या फितीला लटकत होतं. ते तिनं गळ्यात घातलं. रविवारी दुपारी साडेतीन वाजता, घरच्या कॉटनच्या कुर्त्यावर. बॅगेतून क्लिनिकचा डबा काढला आणि ती टेबलाच्या मधल्या खुर्चीत बसली.

"हे काय?" श्रीनिवासनं विचारलं.

"तू बस. फक्त बोलू नकोस."

आत्या आत आली. बूट काढताना तिची नजर अलकाच्या गळ्यातल्या फितीवर गेली, मग टेबलावर, मग भावावर. झारी तिनं खाली ठेवली. मग वॉर्डात डॉक्टरांची फेरी आल्यावर पेशंट सावरून बसतात तशी ती समोरच्या खुर्चीत ताठ बसली.

"गुड आफ्टरनून, आसावरी," अलका म्हणाली. "माय नेम इज अलका. आय ॲम युअर ॲडव्हायजर टुडे."

लग्न झाल्यापासून तिनं हे नाव मागे 'ताई' लावल्याशिवाय घेतलं नव्हतं. अनुयाला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"गुड आफ्टरनून," आत्या म्हणाली.

"हाउ सून आफ्टर यू वेक अप डू यू हॅव युअर फर्स्ट सिगरेट?"

शब्द टेबलावर येऊन पडला. कोणी मेलं नाही. फ्रिज घरघरत राहिला. श्रीनिवासच्या हातातली तार सुटून पुन्हा सरळ झाली. आत्यानं त्याच्याकडे एकदा पाहिलं. तो आज पोस्टर शोधायला कुठे बघणार? तो तिच्याकडेच बघत होता.

"बिफोर," ती म्हणाली. आणि मग मराठीत, "डोळे उघडायच्या आधी हात जातो, अलका. रात्रीसुद्धा एकदा उठते. दिवसाचं एक पाकीट तर होतंच."

अलकानं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं, कीव नव्हती. ते तिचं कामच होतं. तिनं डब्यातून अंगठ्याएवढं एक साधं मशीन काढलं आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या तोंडाची कॉइल त्यात बसवली.

"या कॉइलला विरोध जास्त आहे. बारीक ओढायची, सिगरेटसारखी, आधी गालात. निकोटीन भरपूर. पॉवर बारा वॅट."

"बारा?" श्रीनिवासला राहवेना. "नुसते बारा? अगं, मी तिला ऐंशी दिले!"

"श्री, तू भुकेल्या माणसापुढं ताटभर वाफ वाढत होतास."

"मग काय, निकोटीन देऊ? विष? माझ्या हातानं, ताईला?"

त्याचा आवाज चिरकला. अलका मऊपणानं म्हणाली, "नळ्या बुजतायत त्या मुख्यतः धुरानं. ही वाफ काही तुळशीचा काढा नव्हे, पुढे हेही सोडवायचंच आहे. पण आत्ता यानं धूर सुटेल. आणि तू," ती अनुयाकडे वळली, "डोळे मोठे करू नकोस. जो ओढतच नाही त्याच्यासाठी बरोबर सेटिंग एकच. शून्य."

"मला आंबाच नको, मी कशाला हात लावू?" अनुया म्हणाली.

कॉइलमधला कापूस भिजेपर्यंत थांबायचं होतं. चौघंही थांबले. एवढा वेळ ते चौघं एका टेबलाशी झारीशिवाय कधी बसले नव्हते. मग आत्यानं मशीन ओठांना लावलं आणि सावकाश ओढलं. ढग आलाच नाही. ओठांतून धाग्यासारखी वाफ निघाली आणि दिव्याखाली विरली. आत्यानं डोळे मिटले. खांदे हळूहळू खाली आले.

"हां," ती म्हणाली.

श्रीनिवासनं आपलं मोठं मशीन उघडलं आणि पक्कडीनं आतली कॉइल सोडवली. आठ सुबक वेटोळी, एकसारखी, मध्ये केसाचंही अंतर नाही. ती टाकायला तो कचऱ्याच्या डब्याकडे निघाला, तेव्हा आत्यानं त्याचा हात धरला.

"ती मला दे. केलीस फार सुंदर." तिनं ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

सोमवारी सारानं विचारलं, "वेल? विचारलंस? काय म्हणाली?"

"म्हणाली, झाडांना सवय लागलीये."

दोघं टेबलावर डोकी ठेवून हसले. अनुयानं सँडविच खाल्लं.

गोष्टीत असतं तसं सिगरेट त्या दिवशी सुटली, असं झालं नाही. पहिल्या आठवड्यात आत्या दोनदा घसरली आणि दोन्ही वेळा तिनं जेवताना सांगितलं, "आज एक ओढली." बाबा म्हणाला, "बरं." एवढं संभाषण त्या विषयावर त्यांचं पूर्वी कधी झालं नव्हतं. मग दिवसाची गेली, मग रात्रीची, आणि शेवटी डोळे उघडायच्या आधीची. सर्जननं तारीख दिली. पण तोवर उशीरही बराच झाला होता. बायपास झाली, पाय राहिला. दोन बोटं गेली. "दहातली आठ म्हणजे फर्स्ट क्लास," आत्या म्हणाली, आणि नर्सला सांगून तिनं ड्रेसिंग स्वतः तपासलं.

ती घरी आली त्या रविवारीही पाऊस होता. मागच्या दाराला दोन पायऱ्या, आणि आत्याला पायऱ्या तूर्त बंद होत्या. व्हीलचेअर स्वयंपाकघराच्या खिडकीशी लावली होती. मांडीवर ते अंगठ्याएवढं मशीन.

"ताई, इथेच ओढ ना," बाबा म्हणाला. आताशा तो सहज म्हणायचा. "काही हरकत नाही."

"घरात? काहीतरीच." आत्यानं मशीन खिशात ठेवलं आणि ती काचेबाहेर बघत राहिली. शेडच्या खिळ्याला झारी टांगलेली होती. तिच्याखालची कुंड्यांतली झाडं इतका पाऊस पिऊनही पिवळी पडली होती, कारण शेडचा पत्रा त्यांच्यावर पाऊस पडूच देत नव्हता.

बाबा टेप घेऊन पायऱ्या मोजत होता. रॅम्पला उतार किती लागेल त्याचं गणित तोंडानं चाललं होतं. आई म्हणत होती की कौन्सिलला विचारू, पण त्यांची यादी लांब असते. बाबा म्हणत होता, मीच करतो, जाड फळी घेऊ, चांगली मोठी घेऊ. आत्या झारीकडे बघत होती.

अनुया बाहेर गेली, झारी उतरवून आत आणली. सिंकमध्ये पालथी करून तळाचा काळा चिखल खरवडून काढला, दोनदा विसळली, आणि नळाखाली धरली. झारी भरत आली तसा तिचा आवाज बदलत गेला. अनुयाला वाटलं होतं त्याहून ती कितीतरी जड होती. दोन्ही हातांनी उचलून तिनं ती आत्याच्या मांडीवर ठेवली. आत्यानं दोन्ही तळवे तिच्याभोवती धरले.

"आई, बाबा," अनुया म्हणाली, "माझं ठरलंय. रोज शाळेतून आले की झाडांना पाणी मी घालणार. आत्याला घेऊन. खुर्ची पायऱ्यांवरून उतरवायला एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं तुमच्यापैकी जो घरी असेल तो. आणि पाऊस असला, तरी."